घंटा न झालेला तास

आजोबांची कवळी पिठाच्या डब्यात सापडली, तेव्हा घरात कुणालाच हसू आलं नाही. आजोबांना तर हसायची सोयच नव्हती. सकाळपासून ते तोंडावर रुमाल धरून कवळी शोधत होते. त्यांच्या मागे सून, सुनेच्या मागे मुलगा, आणि सगळ्यांच्या मागे तिसरीतला नातू, हातात वही आणि छान टोक केलेली पेन्सिल घेऊन. आजोबा पलंगाखाली वाकले की तोही वाकायचा. आजोबांनी सुस्कारा सोडला की लगेच लिहून घ्यायचा. शेवटी आजोबा दमून खुर्चीत बसले, तेव्हा तो जवळ गेला आणि अगदी मायेनं म्हणाला, "आजोबा, आता तुम्हाला कसं वाटतंय?"

आजोबांनी दिलेलं उत्तर दात नसल्यामुळे कुणाला कळलं नाही, हे एका परीनं बरंच झालं.

त्याच आठवड्यात टेलरकाकांची मापाची टेप नाहीशी झाली. समोर गिऱ्हाईक हात पसरून उभं, आणि काका मशीनखाली, कपाटामागे, स्वतःच्या गळ्यात, सगळीकडे चाचपडतायत. त्यांची मुलगी दुकानाच्या पायरीवर बसून शांतपणे लिहीत होती. आणखी एका घरी बँकेत नोकरी करणाऱ्या आईची डावी सँडल फ्रीजमध्ये निघाली, दुधाच्या पातेल्याशेजारी. उशीर झालेला, म्हणून तिनं ती तशीच पायात घातली. दारात लेक वही घेऊन उभाच होता. "आई," त्यानं विचारलं, "उजव्या पायाच्या मानानं डावा कसा वाटतोय?"

या सगळ्याचं मूळ तिसरीच्या वर्गात होतं. त्या वर्गाच्या बाईंना मुलं तोंडावर बाई आणि माघारी तंद्रीबाई म्हणत, आणि यात मुलांचा फार दोष नव्हता. बाई बोलता बोलता हरवत. एकदा हजेरी घेताना त्या खिडकीबाहेरच्या ढगाकडे बघत राहिल्या आणि भानावर आल्या तेव्हा अख्खा वर्ग गैरहजर लावून मोकळ्या झालेल्या होत्या. पण पोरांवर त्यांचा जीव होता, आणि शुक्रवारचा शेवटचा तास त्यांनी मोठ्या सरांच्या हातापाया पडून मिळवला होता. तो गोष्टीचा तास. मुलांनी गोष्ट लिहून आणायची आणि उभं राहून वाचायची.

सुरुवातीला या गोष्टी म्हणजे, काय सांगावं. 'एक मुलगा होता. तो शाळेत गेला. तो घरी आला. त्याने दूध प्यायले. तो झोपला.' दुसऱ्या गोष्टीत मुलगी होती, तीही झोपली. तिसऱ्या गोष्टीत ससा होता, तोही दूध पिऊन झोपला. वर्गातल्या झाडून सगळ्या गोष्टींचे नायक दिवेलागणीच्या आत आडवे होत, आणि ऐकता ऐकता बाईंचीही मान हळूच एका बाजूला कलंडे.

म्हणून एका शुक्रवारी बाईंनी सांगितलं, "गोष्टीत काहीतरी अडचण यायला पाहिजे रे."

"अडचण म्हणजे काय, बाई?"

"म्हणजे काहीतरी हरवतं, बिघडतं, चुकतं. मग त्या माणसाला कसं वाटतं, तो काय करतो, ते नीट बघायचं. हवं तर जवळ जाऊन विचारायचं."

पुढच्या शुक्रवारी प्रत्येक वहीत एकेक राक्षस आला. सगळे टीव्हीतून आलेले, सगळे आग ओकणारे, आणि सगळे शेवटी दूध पिऊन झोपणारे. बाईंनी कपाळाला हात लावला. "टीव्हीतलं नको," त्या म्हणाल्या. "आपल्या घरातलं लिहा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. डोळ्यांनी पाहिलं नाही, ते लिहायचंच नाही."

"पण बाई, आमच्या घरी काही अडचणच नाहीये," कवळीवाल्या आजोबांचा नातू तक्रारीच्या सुरात म्हणाला. तेव्हा आजोबांच्या तोंडात कवळी होती.

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर वारा वाहत होता आणि मैदानावरून एक कागदाचा कपटा कसलीही घाई नसल्यासारखा लोळत चालला होता. "नाहीये?" त्या कपट्याकडे बघतच म्हणाल्या. "मग बघ की काहीतरी."

मुलांनी बघितलं. बाईंच्या शब्दाबाहेर ती कधीच नव्हती.

आता शेवटच्या बाकाबद्दल सांगायला हवं. तिथं एक मुलगी बसायची, तिला सगळे शेपूट म्हणत, कारण हजेरीत तिचं नाव शेवटी आणि बाकही शेवटी. नावाला ती शेपूट होती, पण बोलण्यात मुळीच मागे नव्हती. गोष्टीचा तास पहिल्या बाकापासून सुरू व्हायचा, बाकामागून बाक पुढे सरकायचा, आणि शेपटीच्या तोंडाशी आला की घंटा व्हायची. एकदा तर ती 'एक' एवढं म्हणाली होती, 'होती' घंटेनं खाल्लं.

"बाई, माझी गोष्ट राहिली," ती दर शुक्रवारी दप्तर न भरता सांगायची.

"पुढच्या वेळी नक्की हं," बाई मनापासून म्हणायच्या, आणि तितक्याच मनापासून विसरायच्या.

कारण घंटा झाली की झाली. त्या शाळेत मोठ्या सरांचा तसा नियमच होता. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक, उंचीनं बेताचे, पण शिस्तीनं मोठे. घंटेशिवाय काही सुरू करायचं नाही, घंटेशिवाय काही संपवायचं नाही. व्हरांड्यात पितळी घंटा टांगलेली होती, तिच्याशेजारी खिळ्याला लाकडी मोगरी, आणि वर सरांच्या अक्षरातली पाटी: घंटा फक्त शिपायाने व फक्त मोगरीनेच वाजवावी. त्याआधी पोरं तिच्यावर डबे, चमचे आणि एकदा तर बूट वाजवून गेली होती.

गुरुवारी सकाळी पालक आले. आजोबा आले, टेलरकाका आले, बँकेतल्या आई आल्या. आईंना आता सर्दी झाली होती. मोठ्या सरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि बाईंना बोलावलं.

"बाई, तुम्ही मुलांना वस्तू लपवायला शिकवता?"

"नाही हो सर. मी गोष्ट लिहायला शिकवते."

"यांची सँडल फ्रीजमध्ये होती."

"अगं बाई," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं. "डावी की उजवी?"

ते विचारायला नको होतं. मोठ्या सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हा शुक्रवार शेवटचा," ते म्हणाले. "पुढच्या शुक्रवारपासून त्या तासाला पाढे. आणि या शुक्रवारी मी स्वतः वर्गात येऊन बसणार. अजून काही हरवायला नको."

बाई वर्गात परत आल्या त्या पार खचून. तिसरीतल्या मुलांना कधीतरी चांगली गोष्ट लिहिता येईल, एवढं एकच त्यांच्या मनात होतं, आणि तेही आता पाढ्यांखाली जाणार होतं. त्यांनी मुलांना सांगितलं. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे बाई, 'पुढच्या वेळी' आता नाहीच?"

इतके शुक्रवार आपण या पोरीला काय सांगत आलो ते बाईंना त्या क्षणी पहिल्यांदा नीट ऐकू आलं, आणि फार वाईट वाटलं.

शुक्रवार उजाडला तोच पेंगुळलेला. जेवणाच्या सुट्टीनंतर ऊन खिडक्यांतून आत येऊन फरशीवर पडून राहिलं. खडूची धूळ हवेत तरंगत होती आणि खाली बसायचं काही नाव घेत नव्हती. शेवटच्या तासाला मोठे सर आले. शेपटीनं धावत जाऊन त्यांच्यासाठी शिक्षकांच्या खोलीतली खुर्ची ओढत आणली, पहिल्या बाकाशेजारी ठेवली आणि वर उशीही ठेवली.

"बसा सर. उशी मऊ आहे."

"वा," सर म्हणाले. "कुणीतरी शिस्तीचं आहे इथं." ते बसले, जरा सरकले, पुन्हा सरकले. उशी काही म्हणण्याइतकी मऊ नव्हती, पण लहान मुलीचं मन मोडायला नको म्हणून ते बोलले नाहीत.

पहिल्या बाकावरचा नातू उठला. सरांकडे एकदा भीत भीत बघून त्यानं वाचायला सुरुवात केली. "आजोबा खुर्चीत बसले. त्यांचे गाल आत गेले होते. ते चुकून हसले आणि लगेच तोंडावर रुमाल धरला. तेव्हा ते माझ्यापेक्षा लहान दिसले. मला वाटलं, यांना माझा चेंडू द्यावा. मग मी जाऊन पिठाचा डबा उघडला."

तो बसला. बाई टेबलाला धरून उभ्या होत्या. ना राक्षस, ना दूध, आणि झोपलंही कुणी नव्हतं.

टेलरकाकांची मुलगी उठली. "बाबांना टेप सापडेना. गिऱ्हाईक म्हणालं, उद्या येतो. बाबा म्हणाले, थांबा. त्यांनी गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवून डोळे मिटले. मला वाटलं, ते झोपले. पण ते माप घेत होते. कोट सैल झाला. बाबा घाबरले. गिऱ्हाईक म्हणालं, असू द्या, या कोटात मला पहिल्यांदा नीट श्वास घेता येतोय."

"हं," मोठे सर म्हणाले. त्यांनी चुका टिपायला कागद आणला होता. तो मांडीवरून घसरून खाली पडला, त्यांनी उचलला नाही.

मग सँडलवाला. "आईचा डावा पाय गार पडला म्हणून ती ऑफिसात लंगडत गेली. तिचे साहेब म्हणाले, तुम्ही बसा, फाइल मी आणतो. आई म्हणाली, इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी ती शिंकत होती पण गाणं म्हणत होती. उद्या मी उजवी ठेवणार आहे."

"उजवी ठेवायची नाही," सर म्हणाले. मग जरा थांबून, "गाणं कुठलं म्हणत होती?"

बाकामागून बाक झालं. कुणाची किल्ली, कुणाचा चष्मा, कुणाच्या ताईचं एक कानातलं. बाई ऐकत होत्या आणि त्यांना वाटत होतं, आपण कुठल्यातरी उंच गच्चीवर उभ्या आहोत आणि शहरातली सगळी घरं दारं उघडी टाकून आपल्याला आत बघू देतायत. ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढलं. शेजारच्या वर्गातला पाढ्यांचा आवाज हळू होत होत थांबला. सर अधूनमधून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, कपाळाला आठी घालत, आणि तेवढ्यात पुढची गोष्ट सुरू होई.

दारात शिपाईमामा येऊन उभे राहिले. घामाघूम झालेले.

"सर, घंटेची वेळ कधीच होऊन गेली. मोगरी सापडत नाहीये."

"मग दुसऱ्या कशानं वाजवा."

"तुमचीच पाटी आहे सर. फक्त मोगरीनेच."

"हो, पण," सर म्हणाले, आणि थांबले. स्वतःच्या पाटीविरुद्ध बोलायची त्यांना सवय नव्हती. "मुलं काय करतायत?"

"बसलीयत. तुमचाच नियम. चौथीचा अर्धा वर्ग झोपलाय. चौथीचे गुरुजीपण. फाटकाबाहेर पालक जमलेत."

"पालकांना आत घ्या. मोगरी शोधा. आणि मामा, दार जरा ओढून घ्या, इथं मध्येच थांबलंय."

पालक आत आले आणि आवाज ऐकून खिडक्यांशी उभे राहिले. आजोबा, टेलरकाका, बँकेतल्या आई रुमाल घेऊन. शाळा सुटली नव्हती, संपली नव्हती, पुढे काही सुरूही होत नव्हतं. अख्खी इमारत घंटेची वाट बघत संध्याकाळच्या उन्हात तरंगत राहिली. आणि अशा त्या वेळात गोष्टीचा तास, शाळा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, शेवटच्या बाकापर्यंत जाऊन पोचला.

शेपूट उठली. तिनं घसा साफ केला. घंटा होत नाही याची खात्री करायला क्षणभर थांबलीही.

"एक होती मुलगी," तिनं वाचलं. "तिच्याकडे एक गोष्ट होती. दर शुक्रवारी तिची पाळी हळूहळू जवळ यायची. पुढचं बाक व्हायचं, मधलं बाक व्हायचं. मुलीच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. मग घंटा व्हायची आणि सगळे घरी जायचे. गोष्ट पोटातच राहायची. त्यामुळे शुक्रवारी तिला जेवण कमी जायचं. तिच्या बाई चांगल्या होत्या पण त्या ढगात असायच्या. शाळेत एक मोठे सर होते. तेपण वाईट नव्हते. त्यांना फक्त घंटा आवडायची. मग मुलीला कळलं की आता तिची पाळी कधीच येणार नाही. म्हणून तिनं घंटेची मोगरी घेतली आणि अशा जागी लपवली की जिथं सर कधीच बघणार नाहीत."

ती थांबली.

"मग?" मोठे सर म्हणाले. त्यांच्याही नकळत म्हणाले. सगळी शाळा ज्यासाठी खोळंबली होती ती मोगरी त्या क्षणी त्यांना मोगरी म्हणून आठवलीच नाही. ती गोष्टीतली मोगरी होती.

"एवढंच लिहिलंय, सर."

"अगं पण कुठं लपवली? शेवट?"

"शेवट अजून घडायचाय. बाई म्हणाल्यात, डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही." ती वही घेऊन पुढे आली, अगदी त्यांच्या खुर्चीपाशी, पेन्सिल सरसावून उभी राहिली आणि अदबीनं म्हणाली, "सर, आता तुम्हाला कसं वाटतंय?"

मोठे सर प्रामाणिक माणूस होते. "टोचतंय," ते म्हणाले.

आणि मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी एक हात हळूच खाली नेला आणि उशी चाचपली. अभ्र्याच्या आत गोल, कडक, लाकडी असं काहीतरी होतं, आणि ते काय होतं ते त्यांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. बाईंनी ते बघितलं. पाढे तर येणारच होते, आता पोरीचंही काही खरं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडून मामा आत आले. "सर, सगळी शाळा पालथी घातली. इथं कुठं सापडली का?"

सरांनी मामांकडे बघितलं. मग समोर उभ्या असलेल्या मुलीकडे. ती डोळ्यांची पापणी न हलवता त्यांच्याकडे बघत होती. घाबरून नव्हे, लिहिण्यासाठी.

"नाही," मोठे सर म्हणाले, आणि उशीवर जरा आणखी घट्ट बसले. "बागेत बघा, मामा. नीट बघा. घाई नाही."

शेपटीनं पेन्सिल ओली केली आणि शेवट लिहून टाकला.

खिडकीतून आजोबांनी विचारलं, "मग आता काय, सोडणार का मुलांना?" कवळी आता जागेवर असल्यामुळे त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"मुलं घरी जाऊ देत," सर म्हणाले. "पण घंटा झालेली नाही. म्हणजे नियमाप्रमाणे हा तास संपलेला नाही. जो तास संपलाच नाही, त्याच्या जागी पाढे कुठून आणू? उरलेला तास पुढच्या शुक्रवारी." ते उठले नाहीत. सगळी मुलं, सगळे पालक, बाईसुद्धा बाहेर पडेपर्यंत ते खुर्चीतच बसून होते, आणि बाहेर पडताना बाईंना ते खिडकीतल्या आकाशाकडे बघताना दिसले.

सोमवारी मोगरी खिळ्याला होती. तिथं आपण शंभरदा बघितलं होतं, अशी मामांनी शपथ घेतली.

पुढच्या शुक्रवारी बाई तंद्रीत नव्हत्या. त्या वर्गात आल्या आणि पहिलीच गोष्ट त्यांनी सांगितली. "आजपासून शेवटच्या बाकापासून सुरुवात. पहिलं बाक शेवटी." शेपूट इतक्या झटकन उठली की बाक कुरकुरलं. मोठे सर आधीच येऊन पहिल्या बाकाशेजारी आपल्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या खिशातून घडी घातलेल्या कागदाचं टोक बाहेर आलं होतं. नव्या क्रमानं आपली पाळी अगदी शेवटी येणार हे ऐकल्यावर ते उठले आणि पाणी पिऊन येतो म्हणून व्हरांड्यात गेले. आले ते उशी काखेत धरून.

शेपटीची गोष्ट झाली, मागची बाकं झाली, मधली झाली. ऊन भिंतीवर चढलं. दारात मामा आले, रडकुंडीला आलेले.

"सर, मोगरी परत गेली."

"अरेरे," मोठे सर म्हणाले.

सगळा वर्ग मागे वळून शेवटच्या बाकाकडे बघू लागला. "बाई, मी नाही हं," शेपूट म्हणाली. "आईशप्पथ. माझी तर झाली वाचून."

"माहीत आहे गं," बाई म्हणाल्या.

मोठे सर खुर्चीत जरा तिरके बसले होते. त्यांनी खिशातला कागद काढला, घड्या उलगडल्या, चष्मा पुसला आणि घसा साफ केला. "एक मुलगा होता," त्यांनी वाचलं, आणि वर बघितलं. कान लाल झाले होते. "तो शाळेत गेला."

"मग?" शेवटच्या बाकावरून शेपटीनं विचारलं.